दाखला कुठं पाठवला, हे सांगण्याआधी

राज्यातल्या शाळांच्या मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना,

स. न. वि. वि.

सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर मी ३१ वर्षं काढली, शेवटची ७ मुख्याध्यापक म्हणून. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांची गोष्ट सांगायची आहे ती माणसं अजून तिथंच राहतात. चूक माझी होती. ती आधी कबूल करते आणि मग पुढचं बोलते.

डिसेंबरचे दिवस होते. तिसरीतली एक मुलगी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलीच नव्हती. आई तिला घेऊन रातोरात निघून गेली, हे गावाला माहीत होतं, आणि का गेली हेही. माझ्या टेबलावर जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका शाळेचं दाखला मागणीपत्र आठ दिवस पडून होतं. सकाळी परिपाठ आटपून ऑफिसात बसले तर मुलीचे वडील दारात. चपला बाहेर काढून आत आले. इस्त्रीचा शर्ट, खाली मान. म्हणाले, "बाई, पोरीचं नुकसान व्हायलंय. जिथं आसंल तिथं शिकू द्या, माझं काय म्हणणं न्हाई. निस्तं कुठं हाय तेवढं कळलं तर जिवाला बरं वाटंल."

मला त्यांची दया आली. खरं सांगायचं तर थोडा मोठेपणाही वाटला, आपल्या हातून एक संसार सांधला जातोय म्हणून. मी पत्र उचललं आणि शाळेचं नाव वाचून दाखवलं. त्यांना चहा दिला. चहा पिऊन झाल्यावर त्यांनी कप स्वतः नळावर विसळून ठेवला आणि "लई उपकार झाले" म्हणून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ते त्या शाळेच्या फाटकाशी उभे होते. तिथल्या बाईंनी मुलगी त्यांच्या ताब्यात दिली नाही. पण त्यांना मुलगी नकोच होती. मुलीला न्यायला आई येणार, एवढं त्यांना पुरेसं होतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मायलेकी परत गावात. मुलगी तिच्या जुन्या जागेवर येऊन बसली. आईचा डावा हात महिनाभर गळ्यात बांधलेला होता. विहिरीवर पाय घसरला, असं सगळ्यांनी सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं.

घरातल्या मारहाणीचा विषय निघाला की आपण पोलीस, कोर्ट, महिला मंडळ यांची नावं घेतो. शाळेचं नाव कुणी घेत नाही. पण बाई घर सोडते तेव्हा भांडीकुंडी मागे राहतात, रेशनकार्ड राहतं, कधी अंगावरचे दागिनेही राहतात. पोराची शाळा मागे ठेवून चालत नाही. मोबाइलचं सिम बदलता येतं, माहेरच्यांना गप्प बसवता येतं. दाखला मात्र जुन्या गावाहून मागवावा लागतो, आणि तो मागवला की नव्या गावाचं नाव जुन्या गावच्या टेबलावर येऊन पडतं. त्या टेबलामागे तुम्ही बसलेले असता.

त्या मुलीला एक मोठा भाऊ होता, सातवीत. आईनं त्याला नेलं नव्हतं. गावात बायका तिला नावं ठेवायच्या, पोरगं टाकून गेली म्हणून. मला कारण नंतर कळलं. ती ज्या आधारगृहात गेली तिथं मुलगी चालत होती, मुलगा चालत नव्हता. तेव्हाच्या स्वाधारगृह योजनेत आठ वर्षांपर्यंतच्याच मुलाला आईजवळ राहता यायचं. त्याहून मोठा असेल तर त्याची सोय बालगृहात. आता त्या योजनेच्या जागी शक्ती सदन आलंय आणि मर्यादा बारा वर्षांवर गेलीय. बरं झालं. पण सातवीतला मुलगा साधारण तेराचा असतो. नियमामागे कारण आहे, तिथं इतर बायका-मुली राहतात, हे मला समजतं. तरी आवारातच वेगळी खोली, नाहीतर भाड्याच्या दोन खोल्या, एवढं सरकारला सुचू नये? एका हातात मुलगी आणि दुसऱ्या हातात मुलगा धरून आलेल्या बाईला एक हात सोडायला सांगितलं, तर ती आज ना उद्या त्या सोडलेल्या हातासाठी परत जाणारच. ती परत आली ती माझ्या तोंडामुळे की मागे राहिलेल्या पोरामुळे, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. फाटकाशी तिच्या नवऱ्यानं तिला काय सांगितलं माहितेय? "पोरगं तापानं फणफणलंय, तुझं नाव घेतंय." ताप वगैरे काही नव्हतं. रोज शाळेत येत होता तो.

हा मुद्दा तुमच्या हातातला नाही, महिला व बालविकास विभागाच्या हातातला आहे. पण पत्र खुलं आहे, त्यांनीही वाचावं.

तो मुलगा शाळा सुटल्यावर वर्ग झाडायला थांबायचा. त्याची पाळी असो नसो. झाडून झालं की बाकं ओळीत लावायचा, मग फळा पुसायचा, मग पुसलेला फळा पुन्हा पुसायचा. मी त्याचं कौतुक करायचे, परिपाठाला उभं करून त्याच्यासाठी टाळ्या वाजवून घ्यायचे. एकदा सहा वाजत आले तरी हा तिथंच. मी म्हटलं, "घरी जायचं नाही का रे?"

"जातो की बाई. गाडी येऊ द्या."

त्याचं घर शाळेच्या मागच्या बोळात होतं. थोड्या वेळानं मोटारसायकलचा आवाज आला, बंद झाला, मग स्टँड लावल्याचा खट्ट आवाज. तो मान तिरपी करून ऐकत होता. "एकदाच वाजला," म्हणाला आणि दप्तर उचलून पळाला. मला अर्थ लागायला बरेच दिवस गेले. प्यालेल्या माणसाला गाडी एका झटक्यात स्टँडवर घेता येत नाही. दोनदा-तीनदा वाजला, की त्या दिवशी पोरगं घरी जायचं नाही; देवळात बसून राहायचं, नाहीतर चुलत्याच्या गोठ्यात. असा हिशेब करत तो सातवीपर्यंत आला होता आणि गणितात त्याला कसेबसे पस्तीस पडायचे. आम्ही म्हणायचो, लक्ष नाही पोराचं.

बहिणीची तऱ्हा वेगळी. तिसरीला आपण 'माझे बाबा' असा निबंध देतोच. तिनं लिहिलं होतं, माझे बाबा कचेरीत नोकरी करतात, ते मला रोज संध्याकाळी बागेत नेतात. आमच्या गावात बाग नाही. तिचे वडील हंगामात साखर कारखान्याला उसाचा ट्रॅक्टर चालवायचे. निबंध गाइडमधून उतरवलेला होता, अक्षर मात्र मोत्यासारखं. मी खाली 'छान' असा शेरा मारला. आज तो शेरा आठवला की मला माझीच लाज वाटते. नऊ वर्षांच्या पोरीनं स्वतःच्या बापाबद्दल एकही खरं वाक्य लिहायचं टाळलं होतं आणि मी शुद्धलेखन तपासत बसले होते.

अशा पोरांची खूण काय, म्हणून शिक्षक विचारतात. मला एकच पक्की खूण माहीत आहे आणि ती आपल्याच कपाटात असते: कॅटलॉग. सहा महिन्यांची हजेरी एका बैठकीत चाळून बघा. आमच्याकडे आठवडी बाजार मंगळवारी. त्या भावंडांच्या ओळीत बुधवारचे खाडे एकाखाली एक, जाळी विणल्यासारखे. बाजाराच्या दिवशी हातात पैसा यायचा, रात्री दारू यायची, आणि बुधवारी पोरं यायची नाहीत, आली तर मधल्या सुट्टीआधीच बाकावर डोकं टेकून झोपायची. पोटदुखी, अंथरूण ओलं करणं, उगाच दुसऱ्याला बदडणं, कुणी नुसतं जोरात हाक मारली तरी दचकणं, हे सगळंही दिसतं; पण ते इतर कारणांनीही दिसतं. खाड्यांची जाळी सहसा खोटं बोलत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २९ टक्के बायकांनी नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती कधी ना कधी सोसल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितली ती फक्त १४ टक्के बायकांनी. हा आकडा जसाच्या तसा तुमच्या वर्गावर बसणार नाही, पण तीस पोरांच्या वर्गात अशी पोरंच नाहीत, असं म्हणण्याची सोय त्यानं ठेवलेली नाही. त्या आयांनी कुणाला सांगितलं नाही. पोरं मात्र रोज सकाळी तुमच्यासमोर 'हजर बाई' म्हणतात.

आणि एखाद्या पोरानं तोंड उघडलंच, तर आपण काय करतो? पालकांना बोलावून समज देतो. तीस वर्षं मी हेच केलं. बाप येतो, हात जोडतो, "चुकलं बाई, पुन्हा न्हाई व्हायचं" म्हणतो. आपल्याला वाटतं, मिटलं. त्या रात्री घरात एकच प्रश्न असतो: शाळेत कुणी सांगितलं? त्याचं उत्तर पोराच्या पाठीवर उमटतं, नाहीतर आईच्या. आणि ते पोर पुन्हा आयुष्यात कुठल्या शिक्षकाला काही सांगत नाही. त्यामुळे पहिली विनंती: मूल बोललं की बापाला बोलावू नका. आईशी बोला, तेही एकटीला गाठून. 'पोराची वही बघायला या' एवढा निरोप पुरतो. मुलाला खोदून खोदून विचारू नका, दुसऱ्या शिक्षकासमोर तेच पुन्हा वदवून घेऊ नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझं काही चुकलेलं नाही," इतकं म्हणा आणि त्याला खिचडीच्या रांगेत जाऊ द्या. "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, कारण सांगावं लागू शकतं. मुलाच्या अंगाला कुणी लैंगिक हेतूनं हात लावला असेल तर २०१२च्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे, तिथं विचार करत बसायला जागा नाही.

आता माझ्या टेबलावर आठ दिवस पडून राहिलेल्या पत्राकडे येते. ते का पडून होतं? कारण वडिलांची सही नव्हती. कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नसताना आपण ही सही मागतो, कारण आपल्याला तक्रारीची भीती असते. सप्टेंबरच्या आधीची गोष्ट असेल तर आणखी एक कारण असतं, जे आपण बाहेर बोलत नाही: ३० सप्टेंबरचा पट. एक दाखला गेला की पट एकानं उतरतो, संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, एखादं पद डगमगतं, आणि मग मुख्याध्यापक 'उद्या या, परवा या' करत राहतात. मीही केलंय. अळीमिळी गुपचिळी.

शिक्षणहक्क कायदा, २००९, त्याचं पाचवं कलम काढून वाचा. अर्ध्या पानाचंसुद्धा नाही. मुलाला कोणत्याही कारणानं शाळा बदलायची असेल तर तो त्याचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकानं दाखला तात्काळ द्यायचा; उशीर केला तर त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि नव्या शाळेनं दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवायचा नाही, लांबवायचाही नाही. जन्मतारखेचा पुरावा नाही म्हणून चौदाव्या कलमानं प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशाची मुदत उलटली म्हणून पंधराव्या कलमानं नाकारता येत नाही. हे पहिली ते आठवीचं झालं. नववी-दहावीच्या मुलांना या कायद्याचं छत्र नाही, तिथं तुमच्या समजूतदारपणावर सगळं आहे.

"पण बाप हाच पालक ना?" असं आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी मला एकदा विचारलं होतं. १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा नैसर्गिक पालक म्हणून आधी बापाचं नाव घेतो आणि 'त्याच्यानंतर' आईचं. या 'नंतर'चा अर्थ बाप वारल्यानंतर असा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्येच, गीता हरिहरन यांच्या खटल्यात, सांगून ठेवलंय. मुलाचा सांभाळ प्रत्यक्षात बापाकडे नसेल, तर आई त्याच्या हयातीतही पालकच. आपल्या राज्यानं तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी लावायचं ठरवलं. नाव पुढं आलं, सहीला अजून मागे उभं करतो. जनरल रजिस्टरमध्ये शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना असतो ना, त्यात आपण शंभरातल्या नव्वद पोरांना 'पालकांच्या विनंतीवरून' असंच लिहितो. या पोरांनाही तेच लिहा. आईनं विनंती केली, काम झालं. 'कौटुंबिक वादामुळे' असलं काही त्या रकान्यात लिहू नका. तो दाखला पोराला जन्मभर पुढं करावा लागतो.

आता बाप टेबलासमोर येऊन उभा राहिला, तर? कोर्टाचा आदेश नसेल तर तोही पालक आहे, त्याला गुन्हेगार ठरवायचं काम आपलं नाही. काही बायका खोटं बोलतात, असंही तुमच्यापैकी कुणीतरी मनात म्हणत असेल. असेलही. खरं-खोटं न्यायाधीश बघतील. पण मूल आत्ता कुठल्या शाळेत आहे, हे त्याला तिथल्या तिथं, तोंडी, चहा पितापिता सांगण्याचं बंधन आपल्यावर कुणी घातलेलं नाही. अर्ज लिहून घ्या. आवक क्रमांक टाका. "वर विचारून लेखी कळवतो" म्हणा. तो गेला की नव्या शाळेच्या मुख्याध्यापकाला फोन करा, म्हणजे फाटकाशी कुणी उभं राहिलं तर त्यांना अचानक होणार नाही, आणि आईला सावध करता येईल. बापाला खरंच फक्त ख्यालीखुशाली हवी असेल तर कोर्टातून भेटीचा रस्ता त्याला मोकळा आहे. चिडला, टेबल आपटलं, तर पोलिसांना ११२ लावा.

नव्या शाळांनो, तुमच्यासाठीही थोडं. दाखला मागवताना आईला एकदा विचारा, "कुणाला कळू नये असं काही आहे का?" ती हो म्हणाली तर मागणीपत्र पोस्टानं धाडून मोकळे होऊ नका, तिकडच्या मुख्याध्यापकाशी स्वतः बोला. यू-डायसवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन नोंदीत, नाव इकडून तिकडे न्यावंच लागतं आणि ते त्या शाळेला दिसणारच. दिसलेलं बाहेर जाऊ नये एवढं आपल्या हातात आहे. आणि फोटो! वृक्षारोपण झालं की फोटो, हात धुवा दिन झाला की फोटो, मागे शाळेच्या नावाचा फलक, पुढे ओळीनं पोरांचे चेहरे. हे फोटो आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर जातात, तिथून तालुक्याच्या, तिथून कुणाच्या तरी स्टेटसला. चार तालुके ओलांडून लपून बसलेल्या बाईचा पत्ता एका रोपट्याच्या फोटोनं फुटू शकतो. त्या पोराला फोटोच्या वेळी पाणी आणायला पाठवा, काहीही करा.

बहुतेक शिक्षकांना माहीत नसलेलं आणखी एक कलम आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५चा, अमलात आला २६ ऑक्टोबर २००६ला. त्याचं चौथं कलम म्हणतं की घरात हिंसा होतेय असं वाटण्याला कारण असेल तर कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवू शकते. कुणीही, म्हणजे नातेवाईकच हवा असं नाही, बाईच हवी असंही नाही. तिसरीच्या वर्गशिक्षकानंही चालतं. आणि चांगल्या हेतूनं कळवलं असेल तर कळवणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. अठराव्या कलमाखाली न्यायदंडाधिकारी त्या माणसाला मुलाच्या शाळेत पाऊल टाकायला मनाई करू शकतात. एकविसाव्या कलमाखाली मुलांचा तात्पुरता ताबा आईला देता येतो आणि भेट मुलाला घातक ठरणार असेल तर भेटही नाकारता येते. असा आदेश एखाद्या आईकडे असेल तर त्याची प्रत मागून घ्या, कपाटात ठेवा, आणि वर्गशिक्षकाला व शिपायाला तो माणूस कोण ते सांगून ठेवा. आदेश कपाटात आणि फाटकावरच्या शिपायाला पत्ताच नाही, असंही मी पाहिलंय.

संरक्षण अधिकारी सापडणं सोपं नाही, हे मान्य. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर हे अधिकारी सहा आठवड्यांत नेमा. कायदा लागू होऊन तोवर अठरा वर्षं उलटली होती. पण शोधा. नाहीच सापडले तर जिल्हा महिला व बालविकास अधिकारी आहेत, त्रासातल्या बायकांना एका छताखाली मदत देणारं सखी वन स्टॉप सेंटर आहे, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. पोलिसांच्या आवारात महिला व बालकांसाठीचा विशेष साहाय्य कक्ष असतो. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर तो पहिल्यांदा उघडला, आता तो राज्यात इतरत्रही आहे. तिथल्या ताई शाळेचा फोन आला तर नीट बोलतात, हा माझा अनुभव. मुलालाच मार बसत असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, आणि पुढं बाल कल्याण समिती. तुमच्याच शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, मार्च २०२२चा शासन निर्णय आहे. फलकावर नावं रंगवलेली असतीलच. त्या समितीची शेवटची बैठक खरोखर कधी झाली, हे इतिवृत्त न उघडता आठवून बघा.

एक गोष्ट लिहू की नको असं करत इथवर आले. मारणारे बाप काही फक्त ट्रॅक्टर चालवत नाहीत, आणि सगळेच दारू पिऊन मारत नाहीत. आपल्या स्टाफरूममध्येही आहेत. आदर्श शिक्षक म्हणून शाल-नारळ घेतलेले आहेत. त्यांची बायको दुसऱ्या शाळेवर शिक्षिका असते आणि उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा ब्लाउज घालते. आपण सगळे ते बघतो आणि पगारवाढीवर बोलतो. त्यांची पोरंही कुणाच्या तरी वर्गात बसलेली असतात, आणि त्या वर्गाच्या बाईंना तोंड उघडणं सगळ्यात अवघड, कारण समोर सर असतात. तिथंही कलम तेच आहे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी एवढंच केलं. संरक्षण अधिकाऱ्याचा आणि १८१ असे दोन नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिले, वर 'घरी त्रास असेल तर' एवढंच, आणि तो कागद मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून चिकटवला. व्हरांड्यातल्या फलकासमोर उभं राहून असलं काही वाचायची कुठल्याच बाईची हिंमत होत नाही. पालकसभेला, हळदीकुंकवाला आलेल्या बाया तिथं जातात, आतून कडी लावतात, आणि आत त्यांना कुणी बघत नाही. पाण्यानं चिकटपट्टी सुटायची, दर सोमवारी मी पुन्हा लावायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर बघितलं तर कागदाची खालची पट्टी, नंबराएवढीच, कुणीतरी बोटानं नीट फाडून नेलेली. मी दुसरा कागद लिहिला.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका
सोलापूर जिल्हा